जनावर, एक

चतुराबाईचा पाय गेला त्या सकाळची नोंद मंदोदरीने उघडली, आणि पडद्यावर दोन शब्द आले. जनावर, एक.

गोंधणवाडीच्या वळणावर बिनचालकाच्या मालगाड्यांचा काफिला येत होता आणि सडकेवर एक जनावर होतं. गाड्यांनी नियमाप्रमाणे वेग कमी केला. नियमाप्रमाणे भोंगा वाजवला. जनावर वेळेत बाजूला झालं नाही, म्हणून पहिल्या गाडीचं पुढचं चाक त्याच्यावरून गेलं आणि काफिला मार्गस्थ झाला. नोंद संपली.

त्या जनावराला दोन मुली आहेत, रेशनकार्ड आहे, आणि उजवा पाय गुडघ्याखाली नाही. चौकशीला आलेल्या माणसाने गावात येऊन सांगितलं होतं की त्या वेळी सडकेवर माणूस नव्हताच, बाई कुठेतरी शेतात पडली असेल. चतुराबाईने त्याला कापलेला पाय दाखवला. त्याने पायाकडे न बघता टॅबकडे बघितलं.

मंदोदरी सानप ही गोंधणवाडीचीच लेक, आणि दिलेलीही गावातच. लोणझरी फाट्यावर महामार्गाचं नियंत्रण केंद्र झालं तेव्हा कंपनीला स्थानिक माणसं दाखवायची होती. हिची विज्ञानाची पदवी होती आणि कान तिखट होते. तिला श्रवण-परीक्षक म्हणून घेतलं. कानाला हेडफोन लावून सडक ऐकायची, हे तिचं काम.

सडक ऐकू येते म्हणजे काय, ते समजून घ्यायला फार शिकावं लागत नाही. डांबराखाली केसाएवढा बारीक काचेचा धागा टाकलाय, पार घाटमाथ्यापासून राज्याच्या सीमेपर्यंत. त्यात सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचा ठोका सोडतात. त्यातला थोडा प्रकाश धाग्याच्या कणाकणावरून उलटा फिरून परत येतो. वर कुणी चाललं, गाडी गेली, नांगर खुपसला, की जमीन किंचित थरथरते, धागा किंचित ताणला जातो आणि तिथून परतणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परतला त्यावरून जागा कळते, कसा बदलला त्यावरून वर काय आहे ते कळतं. बिनचालकाच्या गाड्यांना डोळे आहेत, पण उन्हाळ्याच्या फुफाट्यात आणि वळणापलीकडे डोळे काय कामाचे? म्हणून गाड्या सडकेच्या कानावर विसंबतात. सडकेने सांगितलं ‘माणूस’, तर काफिला जागच्या जागी थांबतो. सडकेने सांगितलं ‘जनावर’, तर वेग कमी, भोंगा चालू, पुढे चला.

आता या कानाला माणूस ओळखायला शिकवलं कुठे? परदेशातल्या शहरांत. तिथे चालणाऱ्या प्रत्येकाच्या पायात बूट. बुटाची टाच जमिनीवर आदळते तेव्हा लहरीला टोक येतं, सुईसारखं. यंत्र ते टोक शोधतं. अनवाणी पाऊल आदळत नाही. टाच टेकते, मग तळवा, मग बोटं. लहर गोल उठते आणि गोल विरते, तीही अगदी हलकी. टोक नाही म्हणजे माणूस नाही, चाक नाही म्हणजे गाडी नाही. उरलं काय? जनावर. आणि यंत्राला यात शंकासुद्धा आली नाही. शंका आली असती तर नोंद मंदोदरीपुढे आली असती, कारण परीक्षकाकडे फक्त शंकेच्या नोंदी येत. चतुराबाईची नोंद तिने आपण होऊन उकरली म्हणून सापडली.

मग तिने गोंधणवाडीच्या वळणाची मागची सगळी वर्षं उघडली. रोज सकाळी जनावरं शाळेकडे जात होती. दुपारी परत येत होती. भल्या सकाळी जनावरांचे घोळके पल्याडच्या शेतात जात, दिवे लागायला परतत. माणूस? कधीमधी एखादा. बूटवाला. बहुधा कंपनीचाच.

गोंधणवाडीच्या बायका गरीब आहेत म्हणून अनवाणी जातात असं कुणाला वाटेल तर त्याने ते वाटणं आपल्यापाशी ठेवावं. चपला सगळ्यांकडे आहेत. सडकेच्या कडेला आलं की त्या चपला काढतात, हातात घेतात, सडक ओलांडतात, पलीकडे गेल्यावर घालतात. नवी सूनसुद्धा पहिल्या दिवशी हे शिकते. शाळेतल्या पोरी दप्तर सावरत एका हातात चपला धरून पळतात. गडी माणसं मोटारसायकलवर जातात, त्यांची मोजणी वाहनांत होते. म्हणजे पायी ओलांडणाऱ्या त्या बायका आणि पोरं, आणि ती सगळी अनवाणी.

याचं कारण सडकेच्या पोटात आहे.

निजामाच्या काळी इथे नुसती गाडवाट होती. तिची सडक झाली बहात्तरच्या दुष्काळात. सरकारने काम काढलं, आणि चार तालुक्यांतली माणसं उन्हात बसून खडी फोडू लागली. हातोडी, डोक्यावर पाटी आणि दुपारी खायला सरकारी वाटपाची मूठभर सुकडी. रोलर एकच होता आणि तो साहेबाच्या पाहणीच्या दिवशीच यायचा. एरवी मुरूम कोण दाबणार? मुकादम बायकांच्या रांगा करायचा. खांद्याला खांदा लावून अनवाणी उभं राहायचं, त्याने ठेका द्यायचा आणि सगळ्यांनी एकदम पाय आपटायचा. डावा, उजवा, दाब. डावा, उजवा, दाब. अशी मैलच्या मैल सडक बायकांच्या तळपायांनी दाबून काढली. मंदोदरीची आत्या गयाबाई त्या रांगेत होती. तिची धाकटी बहीण द्वारकाही होती. द्वारका तिथेच ऊन लागून पडली आणि उठली नाही. मुकादम म्हणाला, काम सुटल्यावर बघू. काम सुटल्यावर तिला कडेच्या खड्ड्यात पुरलं. ती एकटीच नव्हती.

मग डांबर आलं. मग सडक रुंदावली तेव्हा कडेच्या चिंचा गेल्या आणि कडेची माती सडकेखाली गेली. मग चौपदरी झाली. प्रत्येक वेळी गाव चार पावलं मागे सरकलं, आणि प्रत्येक वेळी एक कोनशिला बसली. वळणावर तीन कोनशिला आहेत. त्यांवर कुणी भूमिपूजन केलं, कुणाच्या शुभहस्ते झालं, कोण प्रमुख पाहुणे होते, सगळं कोरलंय. पाय आपटणाऱ्या एकाही बाईचं नाव नाही. द्वारका आता दुसऱ्या लेनखाली आहे. तिच्या अंगावरून चप्पल घालून कसं जायचं? एवढंच कारण आहे. कुणाला पटो न पटो.

आता चौथी कोनशिला यायची होती. सडक सहापदरी, सगळी वाहतूक बिनचालकाची, दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंच काँक्रीटची भिंत. कायदा म्हणत होता की जिथे माणसं रोज सडक ओलांडतात तिथे भिंत घालता येणार नाही, आधी भुयारी वाट द्यावी लागेल. कुठे ओलांडतात ते सडकेची नोंद सांगेल. गोंधणवाडीच्या नोंदीत माणसं नव्हती. म्हणून गोंधणवाडीला वाट नव्हती. गाव अल्याड, शाळा, दवाखाना आणि निम्मी शेती पल्याड, मधे भिंत.

मंदोदरी नोंदी घेऊन राजेशिर्के साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब वयाने तिच्यापेक्षा लहान, बोलायला गोड. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, नोंदी बघितल्या. तिला वाटलं होतं, आता हे हादरतील. ते हादरले नाहीत.

“हे आम्हाला माहीत आहे, सानपताई.”

कधीपासून, असं तिने विचारलं. सुरुवातीपासून, ते म्हणाले, आणि मग शाळेत समजावतात तसं समजावू लागले. अनवाणी पाऊल नोंदीत येतं, पण इतकं हलकं असतं की नमुन्यासाठी ठरलेल्या उंबरठ्याखाली राहतं. यंत्राला नवीन ओळख शिकवायची तर उंबरठ्याच्या वरचा एक स्वच्छ नमुना लागतो आणि त्यावर परीक्षकाची खूण. असा नमुना एका पावलातून मिळत नाही. आणि समजा मिळाला, तर यंत्र त्या आकाराने मागच्या सगळ्या नोंदी पुन्हा वाचतं. ती नोंद आपोआप सुरक्षा आयोगाकडे जाते आणि मग ती कुणालाच पुसता येत नाही.

“मग वाचू द्या की.”

“ताई, अशी वळणं किती असतील? प्रत्येक ठिकाणी वाट द्यायची तर रस्ता कधी व्हायचा? आराखडा गोठलाय.”

आराखडा गोठलाय. चतुराबाईचं रक्त त्या डांबरावर गोठलं होतं, ते यांनी पाण्याचा टँकर लावून धुतलं. मंदोदरीने हे तोंडावर सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला, ते वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी एक सवलत दिली: आठवडाभर गोंधणवाडीची नवी मोजणी. अट एकच, बायकांनी चपला घालून ओलांडायचं. एवढं केलं की माणसं नोंदीत येतील, वाट मिळेल, विषय संपेल.

“आठवडाभर चपला घालणं कठीण आहे का?” त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.

नाही, कठीण नाही, असंच मंदोदरीलाही वाटलं.

तिचा नवरा अंकुश तर हसलाच. त्याची क्रेन होती, आणि भिंतीचे काँक्रीटचे तक्ते उभे करायचं काम कंपनीने त्यालाच दिलं होतं. दोघांत यावरून महिनाभर धुसफूस चालली होती. मी नाही उभी केली तर दुसरा करील, हे त्याचं म्हणणं. दुसऱ्याला करू द्या, हे तिचं. त्या दिवशी मात्र दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. तो म्हणाला, जा, म्हातारीला सांग, तिने घातली की सगळ्या घालतील.

गयाबाई पंच्याऐंशीच्या घरातली. पाठ धनुष्यासारखी वाकलेली, जीभ सरळ. मंदोदरीची आई लवकर गेली, तेव्हा हिनेच तिला वाढवलं. ओट्यावर पारोशी बसून ती शेंगा फोडत होती. मंदोदरीने सगळं समजावलं: धागा, टाच, टोक, उंबरठा. म्हातारीने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी शेंगेचं टरफल फुंकलं.

“म्हंजे पायतान घातलं तर मी मानूस. काढलं तर जनावर.”

“आत्या, आठवडाभराचा प्रश्न आहे.”

“आठ दिस द्वारकीच्या छातीवर पाय देऊ?”

मंदोदरीचा तोल गेला. मेलेलीसाठी जिवंतांना कोंडणार का, तिने विचारलं. चतुराबाईच्या पोरी शाळेत कशा जाणार? तू मरशील, मोकळी होशील, मागे आम्ही भिंतीला डोकं आपटायचं. ती जे बोलली ते बोलायचं नव्हतं, पण बोलून गेली. गयाबाईने शेंगा बाजूला ठेवल्या.

“त्येला माझा पाय का ऐकू येत न्हाई, ते परत सांग.”

“हलका पडतो गं. एकटीचा पाय फार हलका पडतो.”

“मुकादमानं आमाला एकएकटीला कधी चालवलंच न्हाई,” म्हातारी म्हणाली, आणि बोटांनी ओट्यावर ठेका धरला. मंदोदरीला तो ठेका माहीत होता. लहानपणी झोप येत नसली की आत्या तिच्या पाठीवर हाच ठेका थापटायची. पण तिचं डोकं तापलेलं होतं. ती चप्पल घालून तरातरा निघून गेली.

तो आठवडा गेला. चार पोरींनी चपला घातल्या, दोन सुनांनी. बाकी एकीने नाही. त्यातल्या एका सुनेला तर सडकेच्या मधोमध रडू कोसळलं आणि तिने तिथेच पायातली चप्पल काढली. नव्या मोजणीत माणसं सहा. कायद्याला सहा पुरत नव्हती. मंदोदरीने गावाशी बोलणं टाकलं. जगाने तुम्हाला जनावर म्हणायचं आणि तुम्ही त्याला पुरावा द्यायचा, असं ती अंकुशला म्हणाली. रडली नाही. दात खात राहिली.

भिंत सुरू व्हायची होती त्याच दिवशी पाहुणे आले. घाटमाथ्यावर फीत कापली गेली, पन्नास मालगाड्यांचा काफिला सुटला, आणि केंद्रातल्या मोठ्या पडद्यासमोर सोफे मांडून पाहुण्यांना काजूची बशी दिली गेली. मंदोदरी तिच्या जागेवर होती. कंपनीचे लोखंडी टाचेचे बूट पायात, हेडफोन कानावर.

काफिला गोंधणवाडीच्या अलीकडे आला आणि अचानक उभा राहिला.

पडद्यावर लाल चौकोन आला. वळणावर सडकेत काहीतरी प्रचंड घडत होतं, यंत्राला ते कधी भेटलेलं नव्हतं. रोलर नव्हता, स्फोट नव्हता. ओळख लागत नाही, परीक्षकाने ठरवावं. तोपर्यंत गाड्या थांबून राहतील. चौकोन मंदोदरीच्या पडद्यावर आला, कारण तो पट्टा तिचा होता.

तिने आवाज वाढवला.

डावा, उजवा, दाब.

तिच्या पाठीवर काटा आला, बरोबर त्याच जागी जिथे आत्याचा हात पडायचा. डावा, उजवा, दाब. शंभर पावलं एकाच क्षणी टेकत होती, आणि शंभर हलक्या लहरी एकमेकींवर चढून एक मोठी लहर होत होती. तिला टोक नव्हतं. ती गोल उठत होती, गोल विरत होती. अनवाणी पावलाचा तोच आकार, पण उंबरठ्याच्या कितीतरी वर. इतका स्वच्छ नमुना तिने आयुष्यात बघितला नव्हता.

फोन थरथरला. अंकुश. क्रेन घेऊन वळणावरच उभा होता. म्हणाला, सगळं गाव सडकेवर आलंय, खांद्याला खांदा लावून रांगा केल्यात, म्हातारी पुढे उभी राहून ठेका देतेय, चतुराबाई कुबड्या टाकून शेजारणीच्या गळ्यात हात घालून एका पायावर आपटतेय. तुझं ऐकतील, त्यांना हटव, गाड्या निघाल्या तर चिंध्या होतील.

“तुम्ही बूट काढा आणि रांगेत जा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

राजेशिर्के साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन वाकले. पाहुण्यांकडे हसून बघत, ओठ न हलवता बोलावं तसं बोलले.

“जनावरांचा कळप म्हणून टाका.”

“साहेब, ती माणसं आहेत.”

“मला माहीत आहे. कळप टाका, गाड्या हळू जातील. भोंगा वाजला की हटतील सगळ्या.”

“चतुराबाई हटली होती का?”

साहेब आणखी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, की तिच्या नोकरीचा विचार करावा, अंकुशच्या कामाचा विचार करावा, हे सगळं एका बटणावर आहे. मंदोदरीने विचार केला. खोटं कशाला सांगा, केलाच. घर अर्धं बांधून झालं होतं. मग हेडफोनमध्ये ठेका किंचित चुकला. कुणीतरी थकत होतं. पुन्हा लागला.

पडद्यावर तीन शब्द होते: वाहन, जनावर, माणूस.

तिने ‘माणूस’ दाबलं.

यंत्राने विचारलं, ही ओळख मागील सर्व नोंदींना लावायची का? साहेबांनी तिचं मनगट धरलं. तिने दुसऱ्या हाताने ‘हो’ दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग मोठ्या पडद्यावर, जिथे पाहुणे काफिला बघायला बसले होते, सडकेच्या निळ्या रेघेवर एक ठिपका उमटला. गोंधणवाडी. मग चतुराबाईची सकाळ आली: माणूस, एक. माणूस, जखमी. मग ठिपके सुटलेच. ऊसतोडीच्या टोळ्या. पाझर तलावाकडे हंडे घेऊन जाणाऱ्या. मेंढरांमागचे धनगर, जे आजवर मेंढरांतच मोजले गेले होते. वीटभट्ट्यांवरची पोरं. घाटमाथ्यापासून सीमेपर्यंत रेघेवर निळं काही उरेना. आणि मधेमधे काळे ठिपके येऊ लागले, चतुराबाईसारखे, पण हलायचे थांबलेले. जनावराला धडक, जनावराला धडक, अशा मिटवलेल्या नोंदी एकेक करून माणसं होत होत्या. पाहुण्यांपैकी एकाने हातातला काजू बशीत परत ठेवला.

खाली एक ओळ सरकत होती: नोंद आयोगाकडे पाठवली. नोंद आयोगाकडे पाठवली.

“काय केलंत तुम्ही, कळतंय का?” राजेशिर्के म्हणाले.

मंदोदरीने हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी घेतले नाहीत. तिने ते टेबलावर ठेवले. त्यातून ठेका बारीक ऐकू येतच होता. मग ती वाकली आणि कंपनीच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. दोन्ही बूट खुर्चीवर नीट शेजारी ठेवले, बसल्यासारखे.

कुणी तिला अडवलं नाही. फाटकाबाहेर सडक तापलेली होती, गोंधणवाडी लांब होती आणि पुढे पन्नास मालगाड्या मुकाट उभ्या होत्या. तिने पाय टाकला. चटका बसला, तिने दुसरा टाकला.

आत, तिच्या रिकाम्या जागेवरच्या पडद्याने कुणालाही न विचारता नोंद केली.

माणूस, एक.